कपाटात ठेवण्यासाठी की पळवण्यासाठी? तपशीलवार मोटारीचे मॉडेल आणि स्लॉट ट्रॅक (कोल्हापूर)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एकवीस वर्षे एक पांढरी मारुती ८०० होती. वडिलांनी ती विकली आणि त्यानंतर काही महिन्यांनी मी तिचे मॉडेल करायला घेतले. मूळ गाडीची लांबी ३३३५ मिमी, रुंदी १४४० मिमी आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २१७५ मिमी. एकास चोवीस या प्रमाणात ही मापे अनुक्रमे १३९, ६० आणि ९०.६ मिमी येतात. प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा कापून, थरावर थर चिकटवून आणि कानशीने घासून बॉडी घडवली. दरवाज्यांच्या फटी, पुढची जाळी, वायपर, दाराच्या कड्या, मागच्या सीटवरची उशी आणि डॅशबोर्डवर वडिलांनी लावलेली अंबाबाईची छोटी तसबीर एवढे सगळे करायला सात महिने लागले.

ही गाडी काचेच्या कपाटात ठेवायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरले होते. ती स्लॉट कार म्हणून पळायला हवी होती. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅकमध्ये साधारण ३ मिमी रुंदीची खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या पुढच्या भागाखाली गाइड नावाचे पाते असते, ते खाचेत बसते; त्याच्या दोन बाजूंना विणलेल्या तांब्याच्या मऊ पट्ट्या असतात, त्या ट्रॅकवरून वीज उचलून गाडीतल्या छोट्या मोटरीला देतात. स्टिअरिंग खाच करते. हातातल्या कंट्रोलरने फक्त वेग सांभाळायचा. वळणावर वेग जास्त झाला की गाइड खाचेतून निसटतो आणि गाडी बाहेर फेकली जाते.

माझी गाडी तिसऱ्याच फेरीत फेकली गेली. डाव्या बाजूचा आरसा तुटला, एक वायपर सापडला नाही, पुढच्या बंपरला तडा गेला आणि गिअरचा खरखराट तर आधीपासूनच होता. एका जाणकार मित्राचे म्हणणे असे, की तपशील आणि धाव या दोन गोष्टी एका गाडीत मागूच नयेत. मला हे पटत नाही. ज्यांनी दोन्ही एकत्र साधले आहे किंवा साधायचा प्रयत्न केला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

पितळी_चासी

माझ्या मते तुमची चूक कौशल्याची नाही, क्रमाची आहे. तुम्ही सात महिने गाडी वरून खाली बांधत आलात आणि मोटर शेवटी उरलेल्या जागेत बसवलीत. पळणारी गाडी खालून वर बांधावी लागते. राजारामपुरीत माझ्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत दोन लेनचा ट्रॅक आहे. तिथे गेल्या काही वर्षांत मी हीच चूक तीन गाड्यांवर केली, म्हणून इतक्या खात्रीने लिहितो.

आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, करा. १ मिमी पितळी पत्रा आणि पियानो वायर (कडक पोलादी तार) पुरेशी आहे. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याचा एखादा सपाट तुकडा घ्या, त्यावर चासी ठेवून झाळकाम करा आणि प्रत्येक सांधा थंड झाल्यावर चारही चाके टेकतात का ते पाहा. मोटर मागच्या एक्सलला, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्याला, जोडा. मागची दोन चाके आणि गाइड या तीन जागांवर गाडीचे वजन पडले पाहिजे. पुढची चाके ट्रॅकला जेमतेम स्पर्श करतील एवढीच उंची त्यांना द्या, कारण त्यांनी भार घेतला की गाइड खाचेतून वर उचलला जातो. पुढच्या टायरवर नेलपॉलिशचा पातळ थर दिला की त्यांची पकड कमी होते आणि वळणावर ते अडत नाहीत.

मग बॉडी. ती चासीला घट्ट आवळू नका. स्क्रू पूर्ण बसवून अर्धा फेरा सैल सोडा, म्हणजे बॉडी चासीवर किंचित हलती राहते आणि चासीची थरथर तिच्यापर्यंत पोचत नाही. पुढच्या बंपरच्या मागे अर्ध्या मिलिमीटरवर चासीची कड येऊ द्या. धडक बसली तर बंपर थोडा दबतो आणि धक्का पितळ घेते. तुमचा बंपर तडकला, कारण त्याच्या मागे पोकळी होती.

काचकपाट

मी विरुद्ध मत नोंदवतो. सात महिने खर्चून केलेली वस्तू मुद्दाम अशा ठिकाणी नेणे, जिथे ती तुटण्याचीच शक्यता अधिक, हे मला कामाचा अनादर वाटते. शर्यतीसाठी पातळ पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी असते; ती आतून रंगवतात, त्यामुळे कितीही आपटली तरी रंग खरवडत नाही आणि तिचे वजन नगण्य असते. पळवायची हौस तिच्यावर भागवावी आणि मारुती वडिलांना भेट द्यावी.

रंकाळाकाठ

काचकपाट, आपल्या सूचनेमागची आस्था मला समजते. पण ती गाडी वडिलांनी एकवीस वर्षे चालवली, आणि ते तिच्याविषयी बोलतात तेव्हा तिच्या चालण्याविषयीच बोलतात. पन्हाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती कशी चढायची हे ते आजही सांगतात. न चालणारे मॉडेल त्यांच्या हातात दिले तर त्यात सर्वात मोठा तपशीलच राहून गेला असे मला वाटेल.

पंचगंगाघाट

या वादाला जुना इतिहास आहे, म्हणून थोडे विषयाच्या मुळाशी जातो. विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी लायोनेल कंपनीने अमेरिकेत १९१२ साली आणल्या होत्या. आजच्या अर्थाने हा छंद घरोघर नेला तो इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीची स्केलेक्स नावाची चावीची, पत्र्याची मोटार १९५२ साली निघाली होती. चावीची गाडी एकदा सोडली की माणसाच्या हातात काही राहत नाही, ही तिची मर्यादा होती. त्यांनी त्याच पत्र्याच्या बॉडीत विजेची मोटर बसवली, खाचेचा ट्रॅक केला आणि १९५७ साली स्केलेक्सट्रिक बाजारात आणले. सुरुवातीच्या गाड्यांत मासेराटी २५० एफ होती. पुढच्याच वर्षी कंपनी लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीकडे गेली आणि १९६० च्या सुमारास पत्र्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. जर्मनीत स्लॉट कारची करेरा ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली.

म्हणजे या छंदाचा आरंभच दिसायला मोटारीसारख्या असलेल्या वस्तूत यंत्र बसवण्यापासून झाला आहे. निव्वळ वेगासाठी केलेल्या, मोटारीसारख्या न दिसणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या बॉडी नंतर आल्या. रंकाळाकाठ यांची इच्छा मूळ परंपरेला धरूनच आहे.

उद्यमनगरी

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि फावल्या वेळात अशा गाड्यांचे रिम करून देतो. गिअरच्या खरखराटाबद्दल लिहितो, कारण इतरांनी तो सोडून दिला आहे.

खरखर बहुधा गिअरची नसते, एक्सलची असते. बऱ्याच परदेशी गाड्यांचा एक्सल ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमीचा असतो. आपल्याकडे बाजारात सहज मिळते ती २ किंवा २.५ मिमीची सळई. अनेक जण परदेशातून मागवलेल्या बुशमध्ये (एक्सल ज्यात फिरतो त्या कड्यात) २.५ ची सळई बसावी म्हणून बुश रिमर नावाच्या हत्याराने मोठा करतात, तो हाताने केल्यामुळे लंबगोल होतो आणि एक्सल त्यात डोलतो. एक्सल डोलला की दात कधी खोल बसतात, कधी वर येतात. आवाज त्याचा असतो. बुश नवीनच करून घ्या. पितळी सळईत बरोबर २.५ चे छिद्र एकाच पकडीत, जॉब न काढता पाडले तर छिद्र आणि बाहेरचा व्यास एककेंद्री राहतात. रिमचेही तसेच. माझ्याकडे आलेल्या एका रिमला डायल (झोल मोजायचे उपकरण) लावली तेव्हा ०.३ मिमीची झोल निघाली. ऐकायला हे फार कमी वाटते, पण त्या चाकाचा व्यास २१ मिमी आहे हे लक्षात घ्या. खऱ्या गाडीत ती झोल ७ मिमी होईल आणि तशी गाडी कोणी गॅरेजबाहेर काढणार नाही.

दात बसवताना पिनियन (मोटरीवरचा लहान गिअर) आणि क्राउन गिअर (एक्सलवरचा मोठा गिअर) यांच्यामध्ये साध्या कागदाची पट्टी घाला, दाबून बसवा, मोटर पक्की करा आणि मग चाक फिरवून कागद बाहेर काढा. तेवढी फट बरोबर असते.

नवखा_शाहूपुरी

माझी एक मूलभूत शंका आहे. मारुती ८०० चे इंजिन पुढे आडवे असते आणि पुढची चाके गाडी ओढतात. इथे सर्व जण मागच्या चाकाला मोटर जोडण्याविषयी बोलत आहेत. तपशिलाचा आग्रह आहे तर इतकी मोठी गोष्ट उलटी कशी चालते?

पितळी_चासी

शंका अगदी योग्य आहे आणि तिचे उत्तर खाचेत आहे. गाइड पुढे असल्यामुळे गाडीचे नाक खाचेला बांधलेले असते आणि वळणावर फक्त शेपूट मोकळी असते. पुढच्या चाकांवर वजन टाकून त्यांना ओढायला लावले, तर गाइडवरचा भार कमी होतो, विजेचा स्पर्श तुटक होतो आणि मागचा हलका भाग सहज बाहेर फेकला जातो. काही जण हट्टाने पुढच्या चाकांना मोटर जोडतात. त्या गाड्या चालतात, पण सांभाळायला फार कठीण जातात. मी मागची चाकेच चालवीन. खरे इंजिन दाखवायचेच असेल तर बॉनेटखाली तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन हलक्या प्लॅस्टिकमध्ये करून बसवा.

नवखा_शाहूपुरी

धन्यवाद. मग एकास बत्तीस हे प्रमाण का घेतले नाही? बहुतेक तयार ट्रॅक त्याच प्रमाणाचे असतात ना?

उद्यमनगरी

याचे उत्तर टायरमध्ये आहे. मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२ मापाचा, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ५०८ मिमी. एकास चोवीसमध्ये तो २१.२ मिमी होतो आणि एकास बत्तीसमध्ये १५.९ मिमी. अर्ध्या मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दातांच्या आकाराचे माप) २७ दातांचा क्राउन गिअर बाहेरून १४.५ मिमी भरतो. लहान प्रमाणात तो जमिनीपासून जेमतेम ०.७ मिमी वर राहील आणि ट्रॅकच्या पहिल्याच सांध्यावर घासेल; मोठ्या प्रमाणात ३.३ मिमी मोकळे राहतात. एखाद्या स्पोर्ट्स कारची चाके मोठी असतात, तिथे एकास बत्तीस निर्धास्त घ्यावे. आपल्याकडच्या लहान चाकांच्या गाड्यांना चोवीसच बरे पडते. शिवाय नेहमीची १३० मापाची मोटर १५ मिमी जाड आणि २० मिमी रुंद असते, ती मागच्या सीटखाली बिनबोभाट लपते.

मापपट्टी

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वेगाविषयी कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते रंकाळाकाठ यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे दडलेले आहे.

समजा मोटर १२ व्होल्टवर मिनिटाला १८,००० फेरे घेते आणि गिअरचे प्रमाण तीनास एक आहे, म्हणजे एक्सल ६,००० फेरे घेतो. २१ मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ६६ मिमी, म्हणून बिनभाराचा वेग सेकंदाला ६.६ मीटर, ताशी सुमारे २४ किमी. त्याला २४ ने गुणले तर ही मारुती ताशी ५७० किमी वेगाने धावते असे दिसेल. उलट मूळ गाडीचे ताशी १२० किमी प्रमाणात उतरवले तर ताशी ५ किमी येतात, जो माणसाच्या चालण्याचा वेग आहे. मॉडेल खेळण्यासारखे वाटते त्याचे कारण बरेचदा बॉडीत नसते, ते या आकड्यांत असते.

परंतु इथे थांबणे चुकीचे होईल, कारण आपण गाडी चोवीस पट लहान केली तरी गुरुत्वाकर्षण लहान करू शकत नाही. जहाजांची मॉडेले पाण्यात ओढून चाचणी घेतात तेव्हा वेग लांबीच्या प्रमाणात कमी करत नाहीत, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात करतात. त्याला फ्राउडचा नियम म्हणतात. चोवीसचे वर्गमूळ ४.९. या हिशेबाने १२० चे २४.५ होतात, म्हणजे जवळजवळ तोच वेग जो आपली मोटर देते. वळणावर गाडी किती झुकेल, कधी घसरेल हे या दुसऱ्या हिशेबाने मूळ गाडीसारखे घडते. ४० सेमी त्रिज्येचे वळण घ्या. टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.८ धरली तर तिथे सेकंदाला १.७७ मीटर, म्हणजे ताशी ६.४ किमी एवढाच वेग टिकतो. खऱ्या रस्त्यावर हे ९.६ मीटर त्रिज्येचे, जुन्या पेठेतल्या गल्लीचे वळण झाले आणि तिथली मर्यादा ताशी ३१ किमी. ३१ ला ४.९ ने भागून पाहा.

तेव्हा डोळ्याला खरे वाटणारा वेग एक आणि भौतिकीला खरा वाटणारा वेग दुसरा. तपशीलवार गाडीने या दोहोंच्या मध्ये कुठेतरी धावावे असे मी सुचवीन. गिअरचे प्रमाण चारास एक घ्या आणि वीजपुरवठा ८ व्होल्टवर आणा. कमाल वेग साधारण निम्मा होईल आणि कंट्रोलरच्या पहिल्या पाव भागातही गाडी सुरळीत सरकेल.

पितळी_चासी

मापपट्टी सर, हा हिशेब मी आजवर कुठे वाचला नव्हता. सरळ रस्त्यावर आमच्या गाड्या अवास्तव वाटतात आणि वळणावर मात्र हुबेहूब खऱ्या वाटतात, याचे कोडे मला अनेक वर्षे होते.

एका मुद्द्यावर मात्र मी असहमत आहे. व्होल्टेज फार कमी केले की जुनाट तांब्याच्या पट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात, गाडी अडखळते. मी १० च्या खाली जात नाही. वेग कमी करायचा असेल तर गिअर बदला किंवा कमी फेऱ्यांची मोटर घ्या.

मापपट्टी

मान्य. ते अनुभवाचे बोल आहेत आणि माझे गणित कोरड्या पट्टीचे होते.

कुंभारगल्ली

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आमचा पिढीजात गणेशमूर्तींचा कारखाना आहे. माझा मुलगा या गाड्या करतो आणि त्याच्यामुळे मीही यात ओढला गेलो. आरशाबद्दल सांगण्यासारखे आहे म्हणून लिहितो.

तुटणारी वस्तू जास्त मजबूत करण्याच्या मागे लागू नये, ती वाकणारी करावी. मूर्तीचे साचे घेण्यासाठी आम्ही रबर वापरतो. मुलाने पितळी तारेतून आणि पुट्टीतून एक आरसा घडवला, त्याचा साचा घेतला आणि त्यात काळे लवचिक रबर ओतून आरसे काढले. आतून दारात छिद्र पाडून त्यांचे शेपूट ओवले आणि मागून चिकटवले. गाडी आपटली की आरसा मुडपतो आणि पुन्हा उभा राहतो. वायपरही त्याच रबराचे केले आहेत. दोन वर्षांत एकही तुटला नाही.

दुसरे, चालक. बहुतेक गाड्यांत चालक नसतो किंवा असला तर बाहुला असतो. पळणाऱ्या गाडीत स्टिअरिंगमागे कोणी नसेल तर डोळा ताबडतोब अडतो. चालक छातीपर्यंतच करा, पोकळ करा, म्हणजे खाली मोटरीला जागा राहते आणि वजन वर जात नाही. डोळ्यांची आखणी मात्र मन लावून करा. आमच्याकडे मूर्तीची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत अनुभवी हात करतो. एकास चोवीसच्या चेहऱ्यावर डोळा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तरी नजर रस्त्यावर आहे की नाही हे दोन हातांवरून कळते.

रंकाळाकाठ

काका, चालकाचा विचारच मी केला नव्हता. आता तो वडिलांसारखा करायचा आहे. पांढरा सदरा, चष्मा आणि उजवा हात खिडकीवर. आपल्या कारखान्यात येऊन आखणी शिकता येईल का?

कुंभारगल्ली

गणपतीआधी येऊ नका, श्वास घ्यायलाही फुरसत नसते. अनंत चतुर्दशीनंतर केव्हाही या. चेहरा मातीत करून आणा, रंग आमच्याकडे लावू.

पॅटर्नवाला

शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे मूळ नमुने, बनवण्यात माझे नोकरीचे आयुष्य गेले, त्यामुळे बॉडीबद्दल बोलण्याचा अधिकार घेतो. प्लॅस्टिकच्या पत्र्यातून घडवलेली बॉडी ही मूळ प्रत समजा आणि ती कधीही पळवू नका. तिच्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घ्या आणि रेझिनची प्रत काढून ती पळवा. काचकपाट यांचे समाधान आणि रंकाळाकाठ यांची इच्छा, दोन्ही यात भागतात.

सावधगिरी दोन ठिकाणी हवी. आम्ही बिडाच्या कास्टिंगसाठी पॅटर्न करतो तेव्हा धातू थंड होताना सुमारे एक टक्का आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतो आणि त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते. रेझिन त्यापेक्षा बरेच कमी आकसते, तरी चासीचे स्क्रू कुठे येतात हे मूळ बॉडीवरून मोजू नका, निघालेल्या प्रतीवरून मोजा. दुसरी गोष्ट जाडीची. माझी पहिली रेझिनची बॉडी ६२ ग्रॅम भरली, कारण साच्याचा आतला गाभा मी फार लहान केला होता. छप्पर आतून घासून एक मिलिमीटरवर आणले तेव्हा ती ४१ वर आली. छपरातला प्रत्येक ग्रॅम मोजा. खालच्या पत्र्यातल्या ग्रॅमची काळजी करू नका.

मापपट्टी

पॅटर्नवाला यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. मारुतीची मागची दोन चाके प्रमाणात एकमेकांपासून साधारण ५० मिमी दूर आहेत, म्हणजे मध्यरेषेपासून चाक २५ मिमीवर. गुरुत्वमध्य २० मिमी उंचीवर असेल तर टायरची पकड १.२५ च्या वर गेली की गाडी घसरण्याऐवजी कलंडते. म्हणून अशा अरुंद आणि उंच गाडीला फार चिकट टायर लावणे उलट घातक आहे. थोडी घसरणारी गाडी खाचेत राहते. टायरची रुंदीसुद्धा प्रमाणात ६ मिमी येते, तीच ठेवा. शर्यतवाल्यांसारखे १० मिमीचे टायर लावून गाडीचा चेहरा बिघडवू नका.

वळणावळणाने

चुंबक लावा की. चासीखाली निओडिमियमचा एक तुकडा बसवला की गाडी बाहेर फेकली जातच नाही.

पितळी_चासी

तयार प्लॅस्टिक ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी असतात, तिथे चुंबक धरतो. घरी केलेल्या ट्रॅकला आपण तांब्याची टेप लावतो आणि तांब्याला चुंबक धरत नाही. शिवाय चुंबकाने धरलेली गाडी वळणावर झुकतही नाही आणि घसरतही नाही. ती ओढल्यासारखी जाते आणि मर्यादा ओलांडली की एकदम उडते. रबरी आरसेसुद्धा त्या वेगात टिकणार नाहीत.

हुपरीकर

चांदीचे काम करतो. जाळी, दाराच्या कड्या आणि बंपरवरची पट्टी पितळी पत्र्यातून कापून द्याल तर त्यावर पाणी चढवून देईन. एक सूचना आहे. चांदीचे पाणी सुरुवातीला फार सुंदर दिसते, पण हवेतल्या गंधकामुळे काही महिन्यांत काळवंडते आणि इतक्या बारीक भागावर पुन्हा उजाळा देणे अवघड जाते. क्रोमचा भास हवा असेल तर निकेल चढवा. आमच्या गावाच्या रस्त्यावर कार्टिंगचा ट्रॅक आहे. तिथे मोठ्या गाड्या पाहून मी घरी लहान गाड्या करायला लागलो.

जूनचा_पाऊस

ट्रॅकविषयी माझे दोन शब्द, कारण कोल्हापुरात राहून हा विषय टाळता येत नाही. मी ८ बाय ४ फुटांच्या १८ मिमी एमडीएफमध्ये (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीत) राउटरने ३ मिमीची खाच पाडली, ८ मिमी खोल. एप्रिलमध्ये गाडी लोण्यासारखी पळत होती. जुलैमध्ये खाच फुगून इतकी अरुंद झाली, की गाइड एका जागी अडकून बसला. कापलेली कड आतून उघडी राहते आणि ओल तिथूनच शिरते. आता नव्या ट्रॅकला राउटर फिरवल्याबरोबर खाचेत पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे दोन हात दिले, वाळल्यावर पुन्हा ३ मिमीचा बिट फिरवून खाच साफ केली आणि खालूनही रंग दिला. तांब्याच्या पट्टीला दर चार फुटांवर खालून वायर जोडली आहे, त्यामुळे लांबच्या टोकाला वीज कमी पडत नाही. दोन पावसाळे गेले, काही तक्रार नाही. दोन लेनमधले अंतर मात्र मी १०० मिमी ठेवले होते आणि एकास चोवीसच्या गाड्या वळणावर शेपटीने शेजारच्या गाडीला झाडतात. ११५ ठेवायला हवे होते.

काचकपाट

धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. माझे मूळ मत कामाच्या काळजीतून आले होते. मूळ प्रत सुरक्षित ठेवून तिची प्रत पळवायची, ही पॅटर्नवाला यांची सूचना मला पूर्ण मान्य आहे. तरीही एक गोष्ट नोंदवतो. प्रतीतही तोच तपशील राहिला पाहिजे. पळणारी म्हणून तिची जाळी ओबडधोबड चालेल, अशी सवलत रंकाळाकाठ यांनी स्वतःला देऊ नये.

रंकाळाकाठ

चार महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. मूळ बॉडीचा बंपर दुरुस्त केला आणि ती कपाटात ठेवली. रेझिनची प्रत ४४ ग्रॅमची झाली. चासी पितळी, बुश उद्यमनगरात करून घेतलेले, गिअर चारास एक, पुरवठा १० व्होल्ट. जाळी आणि कड्यांना निकेल हुपरीत चढवले. आरसे आणि वायपर रबराचे. चालकाचा चेहरा मी मातीत तीन वेळा केला. तिसरा काकांनी पसंत केला आणि आखणी स्वतः करून दाखवली.

काल राजारामपुरीतल्या ट्रॅकवर ती चाळीस फेऱ्या पळाली. दोनदा बाहेर पडली. एकदा उजवा आरसा मुडपला आणि परत आपल्या जागी आला. अंबाबाईची तसबीर निसटेल अशी भीती होती, पण ती जागेवर आहे. वडील सोबत आले होते. त्यांनी पहिल्या काही फेऱ्या नुसत्या पाहिल्या, मग कंट्रोलर मागून घेतला आणि प्रत्येक वळणाआधी बोट इतके अलगद सोडत होते, की त्यांच्या हातून गाडी एकदाही बाहेर गेली नाही. एक दोष त्यांनी सांगितला. आमची गाडी मागून किंचित खाली बसलेली असायची, मॉडेल अगदी समतल आहे. मागचे बॉडीचे आधार अर्ध्या मिलिमीटरने घासणार आहे.

पितळी_चासी

तो अर्धा मिलिमीटर घासताना मागच्या टायरवर मडगार्ड टेकत नाही ना, हे बॉडी पूर्ण दाबून तपासा. वडिलांना पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन या.

आणि आता पुढच्या गाडीविषयी. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी मोटार दसरा चौकात येते. लांब बॉनेट, मोठी चाके, पसरलेले मडगार्ड. मोटरीला जागा हवी तेवढी आणि क्राउन गिअरची चिंता नाही. ही गाडी कोल्हापूरने केली नाही तर कोण करणार? अडचण मापांची आहे. तिला पट्टी लावायला कोणी आपल्याला उभे करणार नाही.

मापपट्टी

पट्टी लावण्याची गरज नाही. टायरच्या बाजूवर रिमचा व्यास इंचात लिहिलेला असतो, तो कोणीतरी वाचून घ्यावा. रिमची दिसणारी कड त्यापेक्षा थोडी मोठी असते हे ध्यानात ठेवावे. मग शक्य तितक्या लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, कॅमेरा चाकाच्या हबच्या उंचीवर धरून बरोबर आडवा फोटो घ्यावा. जवळून घेतलेल्या फोटोत अलीकडची बाजू फुगते आणि सगळी मापे बिघडतात. एका ज्ञात व्यासावरून बाकी सगळी लांबी काढता येते.

पॅटर्नवाला

मडगार्डसाठी समोरून आणि मागूनही एकेक फोटो लागेल. नुसत्या आडव्या फोटोवरून त्याची गोलाई कळत नाही.

रंकाळाकाठ

माझ्याकडे ३०० मिमीची लेन्स आहे. दसऱ्याला दुपारी तीनपासून चौकात जागा धरतो. आडवा फोटो मी घेतो. समोरून कोण घेणार ते इथे लिहा.

कुंभारगल्ली

मुलगा घेईल. त्याला घेऊन मी तीनलाच येतो.